आजीचा आवाज आणि मशीनचा 'सूऽऽ' : डायनॅमिक माइकला प्रीअँप कसा जुळवायचा



चातुर्मासात घरोघरी पारायणं, भजनं, आरत्या चालू आहेत. बऱ्याच कुटुंबांच्या गटांवर विचारणा झाली की, "आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचं रेकॉर्डिंग करायचं आहे, कुठला माइक घ्यावा?" म्हणून आजचा पाठ त्याच विषयावर. थोडा मोठा आहे, पण सावकाश वाचा. शेवटी घरी करायचा अभ्यासही दिला आहे.

*१. आधी एक चूक सांगतो, माझीच*

फोंड्यातल्या आमच्या बैठकीत एक आजी यायच्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज बारीक. लहानपणी जात्यावर ऐकलेल्या ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या. एकदा ठरवलं, या ओव्या रेकॉर्ड करून ठेवू. माइक टेबलावर स्टँडला लावला. आजी खुर्चीत टेकून बसल्या, माइकपासून हातभर लांब. आवाज कमी येतोय म्हणून मी मिक्सरवरचा गेन पूर्ण फिरवला. हेडफोनमध्ये 'सूऽऽ' ऐकू येत होता, पण म्हटलं, नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकू.

नंतर तो निघाला नाही. जेवढा 'सूऽऽ' काढावा, तेवढा आजींचा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा व्हायला लागला. शब्दांतले 'स', 'श' तर गेलेच. पुन्हा एकदा करू म्हणेपर्यंत पुढच्या मार्गशीर्षात आजी गेल्या. आज त्यांच्या घरच्यांकडे ती एकच फीत आहे, आणि तिच्यात आजींपेक्षा मशीनच जास्त ऐकू येतं.

दोष माइकचाच, अशी माझी खात्री होती. मग आम्ही वर्गणी काढून मोठ्या नावाचा, महागाचा डायनॅमिक माइक आणला. जुन्याच मिक्सरला जोडला. आणि 'सूऽऽ' आधीपेक्षाही वाढला!

तेव्हा पेडण्याकडचे एक काका आले होते. दशावतारी नाटकांना साउंड लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "माइक बराच आहे रे बाबा. पण तुझ्या ह्या मिक्सरला त्याचं बोलणं ऐकूच येत नाही. आणि तुझी माणसं बसतात कुठे, माइक कुठे!"

काकांच्या या बोलण्यात आजचा सगळा पाठ आहे. *माइक एकटा चांगला-वाईट नसतो. बोलणारा, अंतर, माइक आणि प्रीअँप या चौघांची जोडणी लागते.*

*२. माइक काय देतो, प्रीअँप काय करतो*

डायनॅमिक माइकच्या आत एक पातळ पडदा असतो. पडद्याला तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती गुंडाळी लोहचुंबकाच्या फटीत हलते. आवाजाने पडदा हलला की तारेत वीज तयार होते. बॅटरी नको, बाहेरून वीज नको. म्हणून हा माइक दणकट. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कंडेन्सर माइक कधी कधी चरचर करू लागतो, डायनॅमिक सहसा करत नाही.

पण गुंडाळी हलवायला ताकद लागते, त्यामुळे तयार होणारी वीज अगदी थोडी. भजनात, सभेत सगळीकडे दिसतो तो शुअर एसएम५८ घ्या. हा माइक १९६६ पासून बाजारात आहे. त्याच्या जाळीपाशी ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत आवाज पोचला, तर तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. रेडिओ आणि पॉडकास्टवाले वापरतात तो एसएम७बी त्याच आवाजाला सुमारे १.१२ मिलिव्होल्टच देतो. हा काही दोष नव्हे, त्याची घडणच तशी आहे. कंडेन्सर माइक मात्र सहज १० ते २५ मिलिव्होल्ट देतात.

आता पुढच्या यंत्रांना, म्हणजे अँप्लिफायर वगैरेंना, ज्या पातळीचा सिग्नल लागतो ती 'लाइन' पातळी सुमारे १.२३ व्होल्ट. हिशेब करा: १.८५ मिलिव्होल्टला तिथवर न्यायचं तर साधारण ६६५ पट वाढवावं लागतं. डेसिबलच्या भाषेत सुमारे ५६. एसएम७बी असेल तर जवळजवळ ११०० पट, म्हणजे सुमारे ६१ डेसिबल.

हे वाढवायचं काम करतो तो *प्रीअँप*. तो वेगळा डबा असेलच असं नाही. मिक्सरवर जिथे माइकची पिन जाते, तिथला 'गेन' लिहिलेला खटका म्हणजे प्रीअँपच. कॉम्प्युटरला जोडायच्या ऑडिओ इंटरफेसमध्येही तो असतो.

आता लक्षात आलं ना, आमचा महागाचा माइक का फसला? तो आधीच्यापेक्षा कमी वीज देणारा होता. म्हणून गेन आणखी फिरवावा लागला, आणि गेनबरोबर 'सूऽऽ'सुद्धा वाढला.

*३. 'सूऽऽ' येतो कुठून?*

प्रत्येक प्रीअँपचा स्वतःचा थोडा आवाज असतोच. पहिल्याच पायरीवर तो माइकच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि मग दोन्ही एकत्रच वाढतात. विहिरीतून घागर भरतानाच गढूळ पाणी आलं, तर ते किती मोठ्या हंड्यात ओतलं याने काही फरक पडत नाही. तसंच हे. पहिल्या पायरीवर मिसळलेला 'सूऽऽ' पुढे कुठल्याही यंत्राने नीट वेगळा होत नाही.

यंत्राच्या माहितीपत्रकात हा आवाज *ईआयएन* या नावाने दिलेला असतो. आकडा उणे असतो, आणि जितका जास्त उणे तितका प्रीअँप शांत.
• उणे १२८ डीबीयू : चांगला, शांत
• उणे १२० च्या आसपास : जोरदार गाण्याला चालेल, हळू बोलण्याला काठावर
• उणे ११० : बारीक आवाजाला नकोच

निव्वळ १५० ओहमच्या रोधाचा नैसर्गिक आवाजच सुमारे उणे १३१ डीबीयू असतो. त्यामुळे कितीही पैसे मोजले तरी त्यापलीकडे जाता येत नाही. उणे १२८ चा प्रीअँप मिळाला की समाधान मानावं. त्यापुढे खर्च करून हाती फारसं काही लागत नाही.

*४. सगळ्यात स्वस्त प्रीअँप : जवळ येणे*

आता आजींच्या त्या दिवसाचा हिशेब मांडतो. आकडे अंदाजाचे आहेत, पण चित्र स्पष्ट होतं. माइक एसएम५८ सारखा धरला आहे.

• आजींचा बारीक आवाज, माइक ३० सेंटिमीटरवर : ०.०७ मिलिव्होल्ट
• तोच आवाज, माइक ५ सेंटिमीटरवर : ०.४ मिलिव्होल्ट
• आपलं नेहमीचं बोलणं, ५ सेंटिमीटरवर : ०.७ मिलिव्होल्ट
• खुल्या गळ्याने भजन, ५ सेंटिमीटरवर : ७ मिलिव्होल्ट

पहिली आणि शेवटची ओळ पुन्हा बघा. माइक तोच, पण शंभर पटींचा फरक! म्हणून "या माइकला कुठला प्रीअँप?" एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर अपुरं राहतं. *"कोण बोलणार आणि किती अंतरावरून?"* हे आधी विचारावं.

दुसरी गोष्ट. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ३० वरून ५ सेंटिमीटरवर आलं की सुमारे १५ डेसिबल मिळतात, तेही फुकट. उणे ११० चा साधा प्रीअँप काढून उणे १२८ चा उत्तम घेतला, तर १८ डेसिबलचा फायदा. म्हणजे हजारो रुपयांनी जे मिळतं, जवळजवळ तेवढंच खुर्ची पुढे ओढून मिळतं. मी त्या दिवशी आजींना माइकजवळ घेतलं असतं, किंवा माइक त्यांच्याजवळ नेला असता, तर जुन्या मिक्सरवरही ओव्या नीट ऐकू आल्या असत्या. हे कळायला मला एक वर्ष आणि एक वर्गणी लागली.

जवळ आल्याचे आणखी दोन फायदे. पंखा, पाऊस, रस्त्यावरची गाडी, खोलीचा घुमारा हे सगळं मागे पडतं. "डायनॅमिक माइक खोलीचा आवाज पकडत नाही" असं बरेच जण म्हणतात. खरं कारण एवढंच की तो माइक आपण तोंडाजवळ धरतो आणि तो बाजूंचे, मागचे आवाज कमी घेतो. हातभर लांब ठेवला तर तोही पंखाच ऐकवतो.

तोटा एकच. फार जवळ गेलं की आवाजात खर्ज वाढतो, आणि 'प', 'फ', 'भ' ला फुंकर बसते. उपाय: माइक नाकासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका धरावा, आणि स्पंजची टोपी लावावी.

*५. प्रीअँप किंवा इंटरफेस घेताना चार गोष्टी बघा*

*(अ) गेन किती?* भजन, नाटक, खुला गळा यांना ४५ ते ५० डेसिबल पुष्कळ. निरूपण, वाचन, बोलणं यांना ५५ ते ६०. एसएम७बी सारखा माइक किंवा बारीक आवाज असेल तर ६० च्या वर हवा. एकाच नावाच्या यंत्रांतही फरक असतो, हे लक्षात ठेवा. उदाहरणार्थ फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत गेन ५६ डेसिबलपर्यंत, चौथ्या पिढीत ६९ पर्यंत. जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर आधी हा आकडा बघा. मात्र यंत्र शांत असेल आणि २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल, तर पातळी थोडी कमी आली तरी नंतर वाढवता येते. घाबरू नका.

*(आ) ईआयएन किती?* वर सांगितलंच. उणे १२५ किंवा त्याहून जास्त उणे असलेलं घ्या.

*(इ) इनपुट इम्पिडन्स किती?* नाव कठीण आहे, अर्थ सोपा. माइकची स्वतःची इम्पिडन्स १५० ते ३०० ओहमच्या आसपास असते. प्रीअँपची त्याच्या निदान पाच ते दहापट असावी, म्हणजे १५०० ओहम किंवा अधिक. दोन्ही सारख्या असल्या तर निम्मा सिग्नल वाटेतच जातो. आजकालच्या बहुतेक यंत्रांत १५०० ते ३००० ओहम असते, त्यामुळे सहसा अडत नाही. अडतं ते जुन्या अँप्लिफायरवर आणि चुकीच्या पिनेवर.

*(ई) पिन कुठली?* माइकची वायर दोन्ही टोकांना तीन काड्यांची, म्हणजे एक्सएलआर असावी. तिच्यात आवाज दोन तारांवरून उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेला विजेचा 'गुंऽऽ' प्रीअँपमध्ये एकमेकांना खोडून टाकतो. आपण काय करतो? एका टोकाला मोठी गोल मोनो पिन लावून मिक्सरच्या 'लाइन' मध्ये खुपसतो. तिथे पुरेसा गेन नसतो, आणि 'गुंऽऽ' खोडला जात नाही तो वेगळाच. मोबाइलच्या हेडफोनच्या भोकात असा माइक थेट लावणंही व्यर्थ. मधे इंटरफेस हवाच.

थोडक्यात: *'सूऽऽ' आला तर गेन आणि अंतर बघा, 'गुंऽऽ' आला तर वायर आणि पिन बघा.*

*६. ४८ व्होल्टचं बटण आणि बूस्टर*

मिक्सरवर '४८ व्ही' किंवा 'फँटम' लिहिलेलं बटण असतं. ते कंडेन्सरसाठी. डायनॅमिकला त्याची गरज नाही. चुकून चालू राहिलं तरी नीट एक्सएलआर वायर असेल तर चांगल्या डायनॅमिक माइकला काही होत नाही. पण मोनो पिनेची वायर किंवा जुना रिबन माइक असेल तर बटण बंदच ठेवा.

हल्ली माइक आणि प्रीअँप यांच्या मधे लावायचे छोटे बूस्टर मिळतात. क्लाउडलिफ्टर हा त्यातला माहितीचा. तो सुमारे २५ डेसिबल वाढवतो, आणि तो चालायला मात्र हे ४८ व्होल्टचं बटण चालू करावं लागतं. घ्यावा का?
• प्रीअँप जुना, आवाज करणारा, गेन अपुरा, आणि बोलणारा हळू : घ्या, खरा उपयोग होतो.
• प्रीअँप आधीच शांत आणि गेन पुरेसा : फरक जाणवणार नाही, पैसे ठेवा.
• खुल्या गळ्याचं भजन : नकोच. आधीच जास्त असलेला सिग्नल आणखी वाढून फाटेल.

*७. भजनी मंडळांसाठी उलट सूचना*

आत्तापर्यंत हळू आवाजाचं बोललो. चवथीच्या आरतीला किंवा सप्त्याला नेमकं उलटं होतं. गायक उंच पट्टीत, शेजारी पखवाज, झांजा, घुमट. तिथे प्रीअँप कमी पडत नाही, *भरून वाहतो*. आवाज फाटला की आपण खालचा सरकता खटका खाली ओढतो. फाटलेला आवाज फक्त लहान होतो, नीट होत नाही, कारण तो वरच्या गेनपाशीच फाटलेला असतो. म्हणून आधी गेन कमी करा, लाल दिवा बंद होऊ द्या, मग खटका वर न्या.

आणि माइकची जाळी मुठीत धरू नका. मूठ धरली की मागचे आवाज अडवण्याची त्याची शक्ती जाते आणि स्पीकर 'कुईंऽऽ' करतो.

*८. या आठवड्याचा अभ्यास* 📝

हा पाठ नुसता वाचून कळणार नाही, कानाने करावा लागेल. घरात जो माइक असेल त्यावर, मुलांना सोबत घेऊन करा.

१) पंखा बंद करा. घरातल्या सगळ्यात हळू बोलणाऱ्या व्यक्तीला बसवा. तिचा आवाज नीट येईल इतका गेन ठेवून हातभर अंतरावरून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मधे दहा सेकंद सगळे गप्प राहा.
२) आता माइक चार बोटांवर आणा. आवाज आधीइतकाच येईल असा *गेन कमी करा*. पुन्हा अर्धा मिनिट, पुन्हा दहा सेकंद शांतता.
३) दोन्हींतली ती शांतता हेडफोनवर ऐका. दुसऱ्या वेळी 'सूऽऽ' किती खाली गेला, तो तुमच्या प्रीअँपचा खरा अंदाज.
४) चार बोटांवरही 'सूऽऽ' त्रास देत असेल, तरच नवीन प्रीअँपचा विचार करा.
५) रेकॉर्ड करताना मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहावा. हेडफोनमध्ये कमी ऐकू येतंय म्हणून गेन वाढवू नका, हेडफोनचा खटका वेगळा असतो.
६) फाइल गटावर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेज केला की आवाज दाबला जातो. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

*शेवटी एवढंच*

आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांचं साडेतीन मिनिटांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेलं. दोन्ही यानं त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गाणं अजून पुढे चाललंच आहे. कोणीतरी वेळेवर, नीट रेकॉर्ड केलं होतं म्हणून.

आपल्या घरची आजी, आजोबा, काकी काही अंतराळात जाणार नाहीत. पण त्यांची ओवी, त्यांची आरतीची चाल, त्यांचं 'जेवलास का रे?' हे नातवंडांच्या कानापर्यंत तरी स्वच्छ पोचावं. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं येतं. तेव्हा माइक कुठला, हे नंतर ठरवा. आधी खुर्ची जवळ घ्या, पंखा बंद करा, आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नका. मी ढकललं होतं.

अभ्यास केल्यावर दोन्ही फिती आपापल्या कुटुंबाच्या गटावर टाका. यंत्राबद्दल शंका असेल तर माइकचं नाव, मिक्सर किंवा इंटरफेसचं नाव आणि मागच्या बाजूचा फोटो पाठवा, पुढच्या पाठात उत्तरं देऊ.

🙏 *हा पाठ घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.* 🙏